शिडांच्या माळ्यावर मुक्काम : काउझचे पाच दिवस

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर आइल ऑफ वाइट हे बेट आहे. मधल्या अरुंद समुद्राला सोलन्ट म्हणतात. बेटाच्या उत्तर टोकाला मेडिना नदी समुद्राला मिळते आणि तिच्या दोन्ही काठांवर काउझ वसलं आहे. शिडाच्या शर्यतींची ही पंढरी. सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या इथल्या कॉटेजांच्या नावात कुठेतरी शीड, नांगर नाहीतर कप्तान असतोच. आत भिंतीवर पितळी दिवा, दोराच्या गाठींची फ्रेम, न्हाणीघरात निळे-पांढरे पट्टे. या वस्तू कोणत्याही किनाऱ्यावरच्या दुकानात मिळतात, त्यांनी काहीच सिद्ध होत नाही. घराचं यॉटिंगशी, म्हणजे शिडाच्या बोटींच्या या दुनियेशी, खरं नातं होतं का, हे पायाखालच्या फळ्या, छपराच्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी लाकडी सांगाडे) आणि जनगणनेचे कागद सांगतात. पुढचे पाच दिवस या तिन्हींसाठी ठेवले आहेत.

जायचं ते एप्रिल-मे किंवा सप्टेंबरमध्ये. जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला ‘काउझ वीक’ हा शर्यतींचा आठवडा भरतो. तेव्हा भाडी चढतात, गल्ल्या भरतात आणि कोणाला निवांत बोलायला वेळ नसतो. घरं बहुधा आठवड्याच्या हिशोबाने मिळतात आणि पाहुण्यांची अदलाबदल शुक्रवारी किंवा शनिवारी होते. बुकिंग करताना तीन गोष्टी विचाराव्यात: घर मुळात राहण्यासाठी बांधलं होतं की गोदाम म्हणून, वरच्या मजल्याचा जिना किती उभा आहे, आणि गाडी कुठे लावायची. हाय स्ट्रीटवरच्या जुन्या घरांना गाडीची जागा जवळपास नसतेच. बेटावरच्याच न्यूपोर्ट गावातलं रेकॉर्ड ऑफिस (जुन्या कागदांचं दफ्तर) आणि काउझमधली छोटी संग्रहालयं आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडी असतात, आणि दोघांचे दिवस जुळतीलच असं नाही. ते आधी बघून मग तारखा ठरवाव्यात.

पहिला दिवस : साउदॅम्प्टन ते काउझ

साउदॅम्प्टनहून दोन प्रकारच्या बोटी सुटतात. गाड्या नेणारी मोठी फेरी साधारण तासाभरात ईस्ट काउझला लागते, फक्त माणसं नेणारी जलद बोट अर्ध्या तासाच्या आत वेस्ट काउझला. मुक्कामाची घरं बहुतेक वेस्ट काउझला आहेत, तरी पहिल्या खेपेला मोठी फेरी घ्यावी आणि वरच्या डेकवर उभं राहावं. गावाची रचना पाण्यावरूनच कळते. उजव्या हाताला टोकावर छोटा किल्ला, त्याच्यामागे पाण्याला पाठ लावून उभी असलेली घरांची रांग, आणि त्या रांगेत मध्येच पाण्यात उतरणारे उतार. डाव्या हाताला ईस्ट काउझच्या जुन्या कारखान्याचे प्रचंड दरवाजे. त्यांच्यावर १९७७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवात रंगवलेला युनियन जॅक आहे.

सोलन्टच्या पाण्याची एक खोड इथेच समजून घ्यायला हवी. भरती पूर्ण झाली की पाणी लगेच उतरायला लागत नाही, बराच वेळ उंचीवर टिकून राहतं. साउदॅम्प्टनला तर भरतीला दोन शिखरं येतात. त्याच्या बदल्यात ओहोटी कमी वेळात आणि जोरात होते. उतारावर बोट ओढून घेणाऱ्याला अशी थांबलेली भरती म्हणजे फुकटचा वाढीव वेळ. या किनाऱ्यावर इतके बोट बांधणारे का जमले, त्याचं हेही एक कारण आहे.

ईस्टहून वेस्टला जायला ‘फ्लोटिंग ब्रिज’ आहे. नाव पुलाचं असलं तरी ही साखळीवर चालणारी फेरी आहे. नदीच्या तळाशी पडलेल्या साखळ्या ओढत ती या काठावरून त्या काठावर जाते. इथे ही सोय १८५९ पासून आहे. उधाणाच्या मोठ्या ओहोटीत पाणी फार खाली जातं आणि सेवा थांबवावी लागते. २०१७ साली आलेली सध्याची फेरी दुरुस्तीसाठीही अनेकदा बंद राहिली आहे. मग पायी माणसाला लहान लाँच मिळते, गाडीवाल्याला न्यूपोर्टवरून सुमारे १० मैलांचा वळसा पडतो. निघण्याआधी सेवा सुरू आहे का, ते बघून घ्यावं.

या फेरीचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. काउझमध्ये १८९८ साली जन्मलेल्या उफा फॉक्स या बोट-रचनाकाराने १९२०च्या दशकात अशीच एक निकालात निघालेली फेरी विकत घेतली. तिच्यावरच राहायची जागा केली आणि तिच्यावरच बोटी बांधायचं काम. त्याने १९२८ साली तयार केलेली ‘ॲव्हेंजर’ ही १४ फुटी बोट पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावर चढून घसरायची. त्या हंगामातल्या ५७ शर्यतींपैकी ५२ तिने जिंकल्या. काउझमध्ये घर, कारखाना आणि बोट यांच्यातली रेघ कधीच पक्की नव्हती.

सामान टाकून संध्याकाळी किल्ल्यापर्यंत चालत जावं. हा आठव्या हेन्रीने १५३९च्या सुमारास बांधलेला तोफांचा बुरूज. आता तिथे रॉयल यॉट स्क्वॉड्रन आहे. १ जून १८१५ रोजी लंडनच्या एका टॅव्हर्नमध्ये ४२ धनिकांनी हा क्लब काढला आणि नाव ठेवलं नुसतं ‘द यॉट क्लब’. १८२० साली त्याला ‘रॉयल’ जोडलं गेलं, १८३३ साली आजचं नाव मिळालं आणि १८५८ पासून मुक्काम या किल्ल्यात. आत जाता येत नाही. पण बाहेरच्या फरसबंदीवरून पितळी छोट्या तोफांची रांग दिसते. शर्यती अजूनही त्यांच्या आवाजावर सुटतात.

सुरुवातीला सभासद व्हायचं तर स्वतःची किमान १० टनांची बोट हवी, अशी अट होती. कॉटेजांच्या इतिहासाची किल्ली या अटीत आहे. एवढी बोट मालक एकटा चालवत नाही. त्याला कप्तान लागतो, खलाशी लागतात, स्वयंपाकी लागतो. पुढे मोठ्या रेसिंग यॉटांवर २०-३० पगारी माणसं असायची. पहिली शर्यत १० ऑगस्ट १८२६ ला झाली. त्यानंतर दर उन्हाळ्याला बोटी वाढत गेल्या आणि त्यांच्यामागे गल्ल्यांमध्ये खलाशी, शिडं शिवणारे, दोर वळणारे, सुतार आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या बायका. सुट्टीत भाड्याने घर देणं इथे नवं नाही. नवं एवढंच की आता घरमालकीण खालच्या स्वयंपाकघरात नसते.

दुसरा दिवस : माळ्याची जमीन

आजचा दिवस हाय स्ट्रीट आणि मेडिना रोडचा. काउझमध्ये जॉर्ज रॉजर्स रॅट्सी याने १७९० साली शिडं शिवायला सुरुवात केली. पुढे गॉस्पोर्टच्या लॅपथॉर्न घराण्याशी भागीदारी झाली आणि ‘रॅट्सी अँड लॅपथॉर्न’ हे नाव जगभरच्या यॉटांवर गेलं. हाय स्ट्रीटवरचा त्यांचा एक जुना शिडांचा माळा, म्हणजे शिडं शिवायचं वरच्या मजल्यावरचं दालन, सर मॅक्स एटकिन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर घेतला आणि स्वतःचं काउझमधलं घर म्हणून वापरला. हेच गृहस्थ १९६१ साली काउझ-टॉर्की पॉवरबोट शर्यत सुरू करणारे. आता त्या घरात त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. शिडांच्या माळ्याचं घर कसं होतं, हे बघायला याहून चांगली जागा नाही. वरच्या लांबलचक दालनात शिरल्यावर भिंतीवरची चित्रं नंतर बघावीत, आधी छप्पर आणि जमीन बघावी.

शीड शिवायला काय लागतं? आडवी, सलग, कोरडी जागा, आणि मध्ये एकही खांब नाही. म्हणून माळा वरच्या मजल्यावर. वर ओल येत नाही, दोन्ही बाजूंनी उजेड येतो आणि छपराचा भार कैच्यांवरून थेट भिंतींवर जातो. कापडाचा पन्हा जेमतेम १८ ते २४ इंच. असे पट्टे शेजारी शेजारी जोडत शीड तयार होतं. ‘ब्रिटानिया’ ही १८९३ सालची राजघराण्याची यॉट १२१ फूट लांब होती आणि तिच्यावर सुमारे १० हजार चौरस फूट कापड चढायचं. एवढं शीड कोणत्याही माळ्यात पूर्ण पसरत नाही. झालेला भाग गुंडाळत, पुढचा पसरत काम चालायचं. शेगडीसुद्धा जमिनीवर ठेवत नसत. काही माळ्यांमध्ये ती छपराच्या तुळयांना टांगलेली असे, म्हणजे कापड खालून सरकवता येतं.

आता जमिनीकडे. शिडाची कड सरळ नसते, तिला ठरवून बाक दिलेला असतो. तो बाक आखायला शिवणारे कापडावर दोरी किंवा लवचिक पट्टी धरून तिच्या कडेने जमिनीत टोकदार लोखंडी दाभण ठोकायचे. काम झालं की दाभण काढायचे. वर्षानुवर्षं हे झालं की फळ्यांवर बारीक भोकांची चाळणी होते. किडीच्या भोकांपासून ही ओळखायची खूण अशी: किडीची भोकं विखुरलेली, गोल, आणि बोटाने घासलं तर पिठासारखा भुगा येतो. दाभणाची भोकं बाकदार रांगांमध्ये असतात, आत काळी पडलेली, कोरडी आणि घट्ट. तिरपा उजेड टाकावा, टॉर्च जमिनीला लावून. लांब बाकदार रेघ भिंतीपर्यंत गेलेली दिसली तर तो शिडांचा माळा, मग दारावर नाव काहीही असो. शिवाय कापड सरकून सरकून अशा फळ्या चकचकीत झालेल्या असतात. मेणाचाही थर असतो, कारण धाग्याला मेण लावून शिवायची पद्धत.

दुसरी खूण त्रिकोणी भिंतीत. शिडं जिन्यावरून उतरत नाहीत. वरच्या मजल्याला बाहेर उघडणारं, जमिनीलगतचं दार हवं आणि त्याच्या वर कप्पी अडकवायला तुळईचं टोक. घर करताना या दाराची खिडकी होते. खिडकीची चौकट जमिनीपासून विचित्र खाली सुरू झाली असेल, तर बाहेर जाऊन वर बघावं. तुळईचं कापलेलं टोक किंवा लोखंडी आकडा सापडतो.

शिडांच्या कापडाची गोष्ट सांगितल्याशिवाय घरांची गोष्ट पुरी होत नाही. २२ ऑगस्ट १८५१ रोजी ‘अमेरिका’ नावाच्या स्कूनरने (दोन डोलकाठ्यांच्या शिडाच्या बोटीने) बेटाला फेरी घालणारी शर्यत जिंकली. त्या करंडकाला पुढे तिचंच नाव पडलं. इंग्रजांची शिडं तेव्हा जवसाच्या धाग्याची, हाताने विणलेली आणि पोटात फुगणारी. वीण घट्ट व्हावी म्हणून शर्यतीत ती पाण्याने भिजवत. ‘अमेरिका’ची शिडं यंत्रावर विणलेल्या सुताची, सपाट, वाऱ्याकडे अधिक तोंड करून चालणारी. यानंतर इंग्लंडच्या यॉटांवर सूत आलं आणि त्याच्यामागे नवी डोकेदुखी. सुती शीड ओलं ठेवलं की बुरशी धरतं आणि कुजतं. मग वाळवायची जागा हवी, हिवाळ्यात टांगून ठेवायची कोठारं हवीत. माळे आणि कोठारं वाढली ती अशी.

खलाशांच्या स्वतःच्या मासेमारीच्या बोटींवर मात्र तपकिरी शीड असे, कारण ते काथाच्या उकळत्या पाण्यात बुडवलेलं असे. विड्यात पडतो तोच खैराचा काथ, हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातून पिंपांनी जायचा. त्यातल्या टॅनिनमुळे कापड आणि जाळी टिकतात. मालकाचं शीड पांढरं, नोकराचं तपकिरी. कॉटेजच्या मागच्या अंगणात विटांत बसवलेलं मोठं तांब्याचं किंवा लोखंडी हंड्याचं बूड दिसलं, तर ते कपडे धुण्याचंच असेल असं गृहीत धरू नये. आजूबाजूच्या विटांवर गडद तांबूस-तपकिरी डाग मुरलेले असतील तर तिथे काथ उकळलेला असू शकतो.

हे सगळं मोडलं ते प्लास्टिकने. टेरिलीनचा शोध १९४१ साली इंग्लंडमध्ये लागला आणि १९५०च्या दशकात शिडं त्याची होऊ लागली. ती कुजत नाहीत, त्यामुळे वाळवायचे माळे ओस पडले. पाठोपाठ फायबरग्लासच्या बोटी आल्या. हिवाळ्यात लाकडी बोट झाकून, खरवडून, रंगवायची गरज घटली आणि बोटघरंही रिकामी झाली. पाण्याकाठची मोठी, रिकामी, उजेडाची जागा. तिचं सुट्टीचं घर होणं साहजिकच होतं.

रूपांतरात कायम बिघडणारी गोष्ट म्हणजे कैचीची खालची आडवी तुळई. डोक्याला लागते म्हणून कापतात. ती तुळई छपराचे दोन्ही पाय एकत्र बांधून धरते. ती गेली की छप्पर भिंतींना बाहेर ढकलतं. वरच्या मजल्यावर भिंत आणि छत मिळतात तिथे आडवी, लांब भेग दिसली आणि भिंत बाहेरून किंचित पोट काढून उभी असली, तर हेच झालेलं असतं. दुसरी चूक मशीनने जमीन घासण्याची. एका दुपारी दीडशे वर्षांची भोकं आणि मेण भुश्शात जातं. गरम पाणी, थोडा साबण आणि कापड एवढ्यावर ती जमीन स्वच्छ होते.

तिसरा दिवस : न्यूपोर्टचे कागद

काउझहून न्यूपोर्ट बसने पाच मैल. रेकॉर्ड ऑफिसला आधी वेळ घेऊन, हवे ते कागद सांगून जावं. पेन चालत नाही, शिसपेन न्यावी.

सुरुवात नकाशापासून, आणि ती घरबसल्या होते. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे २५ इंची नकाशे, म्हणजे १:२५००, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन फुकट ठेवले आहेत. १८६०च्या दशकातली आवृत्ती आणि नंतरच्या दोन शेजारी शेजारी लावाव्यात. या मापात १० मीटरची इमारत ४ मिलिमीटर दिसते. घराच्या मागे पाण्यात जाणारा उतार, बाजूचा बोळ, अंगणातली शेड, सगळं ओळखू येतं. घर आणि शेड यांच्यातली रेघ एका आवृत्तीत आहे आणि पुढच्या आवृत्तीत नाही, म्हणजे दोन्ही एक झाली.

मग जनगणना. १८४१ ते १९११ पर्यंतची दर दहा वर्षांची आणि १९२१ ची उपलब्ध आहे. पत्त्यावर भरवसा ठेवू नये. घरांचे क्रमांक बदलतात, नावं तर दर मालकागणिक. गणती करणारा ज्या क्रमाने चालला त्या क्रमाने पानं लावावीत. कोपऱ्यावरचा पब किंवा चर्च खुणेला धरून तिथून घरं मोजत यावं. धंद्याच्या रकान्यात ‘यॉट्समन’, ‘मरिनर, यॉट’, ‘सेलमेकर’, ‘लॉजिंग हाउस कीपर’ असे शब्द शोधावेत. नवरा यॉटवर आणि बायको खोल्या देणारी, अशी जोडी सापडली की घराचा दुहेरी धंदा समोर येतो.

इथे तारखेचं भान हवं. १८५१ ची गणती ३० मार्चला झाली, १८८१ ची ३ एप्रिलला, १९०१ ची ३१ मार्चला, १९११ ची २ एप्रिलला. तेव्हा यॉटा अजून चिखलात विसावलेल्या किंवा डागडुजीत असायच्या आणि खलाशी घरी. १९२१ ची गणती मात्र कोळसा कामगारांच्या संपामुळे लांबली आणि १९ जूनला झाली, ऐन हंगामात. त्या वर्षीच्या पानावर घरात बायका-मुलंच दिसली आणि कर्ता पुरुष नसला, तर तो परागंदा झाला असा निष्कर्ष काढू नये. तो बहुधा बोटीवर मोजला गेला असेल. उलट अनोळखी पाहुणे दिसले तर ते हंगामी भाडेकरू असू शकतात.

१९११ च्या फॉर्ममध्ये आणखी एक गंमत आहे. तो घरातल्याच माणसाने भरलेला असतो आणि त्यात खोल्यांची संख्या विचारली आहे. स्वयंपाकघर मोजायचं, पण न्हाणी, जिन्याची जागा, दुकान आणि गोदाम मोजायचं नाही, अशी सूचना होती. नकाशावर घर ऐसपैस, आणि फॉर्मवर खोल्या फक्त तीन? मग उरलेली जागा कामाची होती. माळ्याचा हा सगळ्यात स्वस्त पुरावा.

१९३१ ची जनगणना १९४२ साली आगीत जळाली आणि १९४१ साली ती झालीच नाही. त्या काळासाठी २९ सप्टेंबर १९३९ ची युद्धकालीन नोंद वापरावी. १९१० च्या कायद्याने प्रत्येक मालमत्तेची किंमत लावली गेली. तिच्या वह्या लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आयआर ५८ या मालिकेत आहेत. मालक, भाडेकरू, भाडं आणि कधी कधी खोलीवार वर्णन त्यांत मिळतं. दस्तऐवज सापडतीलच असं नाही. १९२५ च्या कायद्यानंतर फार जुने कागद जपायची गरज उरली नाही आणि कित्येक फेकले गेले.

‘या घरात अमुक यॉटचा कप्तान राहायचा’ असा दावा असेल तर लॉइड्स रजिस्टर ऑफ यॉट्स काढावं. १८७८ पासूनचं. बोटीचा मालक, बांधणारा, टनभार, नंतरच्या खंडांमध्ये शिडं कोणी आणि कोणत्या साली शिवली हेही त्यात असतं. ती यॉट त्या वर्षांत होती का, कोणत्या बंदराची होती, एवढं जरी जुळलं नाही तरी दावा तिथेच संपतो.

चौथा दिवस : घर स्वतः

चौथ्या दिवशी पावसाचा अंदाज असेल तर फार चांगलं. समुद्राकाठच्या घराच्या खोड्या दमट हवेत बाहेर येतात.

आधी तुळया. ‘ही जहाजाची लाकडं’ हे प्रत्येक किनाऱ्यावर सांगतात, खरं क्वचित असतं. तुळईला रिकामी खाच असली की लोक जहाज म्हणतात. बहुतेक वेळा ती दुसऱ्या जुन्या घराची तुळई असते. जहाजाची फासळी बाकदार असते. तिच्यात फळ्या बसवायला ठोकलेल्या लाकडी खुंट्यांची सव्वा-दीड इंची गोल भोकं ठरावीक अंतरावर असतात. ओकच्या लाकडाभोवती लोखंडाचा निळा-काळा डाग किंवा तांब्याचा हिरवा डाग असतो. डोलकाठी किंवा परबाण (शीड ताणून धरणारा आडवा वासा) वापरलं असेल तर ते ओळखायला सोपं: गोल, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं, पाइनचं, आणि एका पट्ट्यात दोर घासून गुळगुळीत झालेलं.

मग भिंती. समुद्रकाठच्या जुन्या घरात मीठ चुन्यात आणि विटांत मुरलेलं असतं. काही वेळा बांधतानाच न धुतलेली किनाऱ्याची वाळू वापरलेली असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि भिंत पावसाशिवाय ओली होते. हवा कोरडी झाली की मिठाचे खडे वर येऊन गिलावा फोडतात. ओल मोजायचं विजेचं यंत्र अशा भिंतीवर भलताच आकडा दाखवतं, कारण मीठही वीज वाहून नेतं. त्या आकड्यावर भिंतीत रसायन टोचून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. वर सिमेंटचा गिलावा चढवणं त्याहून वाईट. त्याला केसासारख्या भेगा पडतात, पाणी आत शिरतं आणि बाहेर निघत नाही. योग्य काम असं: सिमेंट उतरवायचं, भिंत काही महिने उघडी सुकू द्यायची, आलेलं मीठ कोरड्या ब्रशने झाडायचं (पाण्याने धुतलं तर परत आत जातं) आणि एक भाग हायड्रॉलिक (ओलाव्यातही घट्ट होणारा) चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली जाड वाळू असा गिलावा करून वर चुन्याचा हात द्यायचा.

लोखंड गंजताना फुगतं आणि दगड-वीट फोडतं. कौलांचे आणि स्लेटचे खिळे गंजले की स्लेट धडधाकट असूनही घसरतात. बदलताना तांब्याचे खिळे घ्यावेत. बाहेरच्या बिजागऱ्या-स्क्रूंना स्टेनलेस स्टील ३१६ दर्जाचं, ज्याला ए४ म्हणतात. ए२ वर इथे लवकरच तपकिरी डाग येतात. जुन्या खिडक्यांचा रंग कोरडा खरवडू नये. बोटीचे रंग घराला लावायची इथे सवय होती आणि त्यात शिसं असतं.

पाहुण्याला घरात शिरल्यावर येणारा कुबट वास हा बहुतेक वेळा हिवाळ्यात बंद ठेवण्याचा असतो. आठवडाभर थंड आणि दोन दिवस कढत, अशाने गार भिंतींवर दव धरतं. रिकाम्या घरातही १० ते १२ अंश सतत ठेवावं, कपाटं भिंतीपासून दोन इंच सोडून उभी करावीत आणि धुराड्याचं तोंड पूर्ण बुजवू नये.

दुपारी पाऊस थांबला तर फ्लोटिंग ब्रिजने पलीकडे जाऊन ऑस्बॉर्न हाउस. व्हिक्टोरिया राणीने १८४५ साली ही जागा घेतली आणि १९०१ साली ती इथेच वारली. तिच्या उन्हाळी मुक्कामामुळे काउझच्या घरभाड्यांचा भाव ठरला. लाहोरच्या भाई राम सिंग यांनी घडवलेला दरबार हॉल बघितल्याशिवाय निघू नये.

पाचवा दिवस : बेम्ब्रिज

सकाळी घर सोडावं लागतं, बहुधा दहाला. परतीला बेटावरच्या राइडहून पलीकडच्या किनाऱ्यावर साउथसीला जाणारं हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत जाणारं वाहन, दहा मिनिटांत पोचवतं. पहिलं हॉवरक्राफ्ट एसआरएन-१ याच काउझमध्ये १९५९ साली तयार झालं. सामान लहान असेल तर त्याआधी बसने बेटाच्या पूर्व टोकाला बेम्ब्रिजला जावं.

इथलं यॉटिंग वेगळ्या जातीचं, म्हणून घरंही वेगळी. १८८० साली बांध घालून ब्रेडिंगची खाडी अडवली, १८८२ साली रेल्वे आली आणि लंडनची कुटुंबं उन्हाळ्यापुरती घरं बांधू लागली. १८९६ साली चार्ल्स निकल्सनने त्यांच्यासाठी ‘रेडविंग’ ही छोटी बोट काढली. सांगाडा सगळ्यांचा सारखा, आणि शिडाचं क्षेत्र २०० चौरस फूट. ते कसं मांडायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं. १९३०च्या दशकात लॉर्ड ब्राबझन यांनी आपल्या रेडविंगवर शिडाऐवजी फिरणारी पाती बसवली. अशी बोट मालक स्वतः चालवतो, पगारी खलाशी नको. म्हणून बेम्ब्रिजच्या घरात माळ्याच्या खुणा शोधू नयेत. तळमजल्यावरचं रुंद दुपाखी दार, पाण्याकडे उतरती फरशी, छताला डोलकाठ्या टांगायचे आकडे, असल्या गोष्टी बघाव्यात.

बंदराच्या बांधालगत घर-बोटींची रांग आहे. त्यांतल्या काही महायुद्धानंतर निकालात निघालेल्या नौदलाच्या बोटी. काही भाड्यानेही मिळतात. इथे राहायचं तर भरतीचं वेळापत्रक आधी हातात घ्यावं, कारण किनाऱ्यावर जाण्याच्या फळीचा उतार पाण्याबरोबर बदलतो आणि ओहोटीला ओली फळी घसरते. आत शिरल्यावर एक दार उघडझाप करून बघावं आणि सहा तासांनी तेच दार पुन्हा. भरतीला सैल आणि ओहोटीला घट्ट बसत असेल, तर तळाखालचा गाळ एका बाजूला साठला आहे. बोट चिखलावर टेकताना पीळ खाते आहे आणि तिच्या फळ्यांचे सांधे हळूहळू उघडत आहेत.